तुमच्या भावाचा नंबर आणि मूर्तिजापूरची खुली चर्चा

अमरावती,
गणपती उठल्यानंतरचा शनिवार

तीर्थरूप केशरबाई यांना वच्छलाचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही बांधत असाल असं मी धरून चालते, कारण विचारलं तर तुम्ही हो म्हणता आणि पट्टा मात्र खुंटीवर असतो. भाऊजींचा खोकला कमी झाला का? संत्र्याचा मृगबहार यंदा टिकला की गळला ते कळवा. इकडे सगळे बरे आहेत. मीही बरी आहे. लोक विचारतात, मी बरी आहे म्हणते, आणि मग ते बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहतात. म्हणून हल्ली मी कुणी विचारायच्या आधीच बरी आहे म्हणून आत निघून जाते. परवा विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही सांगून टाकलं. तो बिचारा बरं म्हणाला.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. केशरबाई, राग मानू नका, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मागच्या खेपेला मी हळू आवाजात सूनबाईबद्दल, गीतांजलीबद्दल दोन शब्द बोलले, तर मागून कुणी पुरुष 'बराबर हाये' म्हणाला. तो कोण होता ते मला अजून कळलेलं नाही. शिवाय विषय फोनचाच आहे. (हे पत्र मी तीन ठिकाणी बसून लिहिते आहे. आधी ओट्यावर बसले, मग जिन्यात, आता गच्चीवर आले आहे. एका जागी बसवत नाही. अक्षर बदललेलं दिसलं तर जागा बदलली असं समजा.)

तर विषय तुमच्या भावाच्या नंबरचा. तो नंबर दुकानाच्या पाटीवर आहे, टेम्पोच्या पाठीवर आहे, तीन देवळांच्या भिंतींवर आहे आणि बडनेऱ्याच्या एका मंगल कार्यालयात तर वधूच्या खोलीतल्या आरशावर रंगवलेला आहे. नवरी नटताना तिच्या कपाळावर 'हार, गजरे, सजावट' आणि खाली आपला नंबर दिसतो. अर्ध्या गावाला शेवटचे चार आकडे पाठ आहेत. ते गेल्यावर आपण घर, दुकान, शेताचा तुकडा सगळं मुलांमध्ये शांतपणे लावून दिलं. जीवनकडे अमरावतीचं दुकान राहिलं, अंकुरकडे अकोल्याचं. कुणी आवाज चढवला नाही. तुम्हीच तेव्हा म्हणालात, पोरं गुणाची आहेत. नंबर राहिला होता हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोघं मुलं आणि मी, असे आम्ही तिघं मोबाइल कंपनीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं समजावून सांगितलं की काकू, नंबर तुमचा नसतो आणि आमचाही नसतो, तो सरकारचा असतो. आपल्याला फक्त वापरायला दिलेला असतो. जीवन म्हणाला की पाटी रंगवायला सरकार आलं होतं का. मुलीनं त्याच्यापुढे छापील फॉर्म सरकवला. ती म्हणाली, मृत्यूचा दाखला आणा, ज्याच्या नावावर करायचा त्याची कागदपत्रं आणा आणि बाकीच्या वारसांचं 'हरकत नाही' असं पत्र आणा. दोघं भाऊ एकाच टेबलापाशी उभे होते आणि दोघांकडे हरकत सोडून काही नव्हतं. नाहीच जमलं, आणि नंबर काही महिने वापराविना पडून राहिला, तर तो परत घेतला जाईल आणि दुसऱ्या कुणाला दिला जाईल, असंही तिनं सांगितलं. हे ती सहज बोलून गेली. मी मात्र पूर्ण रस्ताभर विचार करत होते की तुमच्या भावाचा नंबर उद्या परतवाड्याच्या एखाद्या मुलाकडे जाईल आणि तो त्यावर क्रिकेटचा स्कोर बघेल.

मग सुरू झाले गोंधळ. फोन जीवनच्या गल्ल्यात असायचा. पण अंकुर एकदा चहा प्यायला म्हणून दुकानात आला आणि जाताना त्यात अशी काही व्यवस्था करून गेला, की इकडे लाइन बिझी असली तर फोन अकोल्याला वाजेल. देवीदास मंडपवाले तुम्हाला आठवत असतील, तेराव्याला ज्यांनी न सांगता खुर्च्या पाठवल्या ते. त्यांनी बडनेऱ्याच्या लग्नासाठी फोन केला, तो अकोल्याला लागला. अंकुरनं ऑर्डर घेतली. आवाज वेगळा वाटला म्हणून त्यांनी खात्रीसाठी परत फोन केला, तो जीवनकडे लागला. त्यानंही ऑर्डर घेतली. मुहूर्ताला दोन्ही टेम्पो समोरासमोर उभे राहिले. हारांचे दोन जोड आले. नवरदेवाला एकाच्याच ओझ्यानं मान वळवता येईना, म्हणून दुसरा जोड नवरीच्या मामा-मामींच्या गळ्यात घातला. त्यांच्या लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झालेली. मामी लाजल्या. लोकांनी आहेर पण त्यांच्याच हातात दिले. पुढच्याच आठवड्यात राजापेठेत वास्तुशांत होती. तिथे दोघांनाही वाटलं की दुसरा देणार. एक पाकळी पोचली नाही. गुरुजींनी फुलांच्या जागी अक्षता, हारांच्या जागी अक्षता असं करत पूजा उरकली आणि यजमानांनी तुमच्या भावाच्या नंबरवर फोन करून जे सुनावलं ते नेमकं मी ऐकलं, कारण दोघंही त्या दिवशी फोन उचलायला तयार नव्हते.

(जिन्यात आले. गच्चीवर ऊन आलं.)

इथे जीवनची गीतांजली मध्ये पडली. तुम्हाला माहीतच आहे, लग्नाआधी तिनं पाच-सहा वर्षं इथल्या क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी केली. परीक्षा निघाली नाही, पण ज्ञान सगळं घरात आहे. ती म्हणाली की देशातले टेलिफोनचे प्रश्न असे भांडून सुटत नाहीत, त्यासाठी एक नियामक असतो आणि त्याची पद्धत असते. एकदा तिनं त्यांच्या खुल्या चर्चेत मोबाइलवरून भागही घेतला होता. तिला बोलायला दोन मिनिटं मिळाली होती आणि त्यातलं एक 'माझा आवाज येतोय का' यात गेलं.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. नियामकाला काही ठरवायचं झालं तर तो उठून ठरवत नाही. आधी एक सल्लापत्र काढतो. त्यात सगळी पार्श्वभूमी लिहितो आणि शेवटी प्रश्न विचारतो. ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांनी लेखी उत्तरं द्यायची. ती उत्तरं उघड लावायची, म्हणजे कोण काय म्हणालं ते सगळ्यांना दिसतं. मग एकमेकांच्या उत्तरांवर प्रत्युत्तरं द्यायची. मग सगळ्यांना समोर बसवून खुली चर्चा. त्यानंतर निर्णय, आणि निर्णयाबरोबर कारणं, म्हणजे कुणाचं म्हणणं का घेतलं आणि कुणाचं का नाही. काही बाबतीत तर एवढं सगळं करूनही तो फक्त शिफारस करतो आणि ठरवतं सरकार. सरकारला पटलं नाही तर ते परत पाठवतं. मी विचारलं, आपल्याकडे सरकार कोण? तर गीतांजली म्हणाली की आपल्या बाबतीत सरळ निर्णयच ठेवू.

मला पद्धत आवडली. शाळेच्या कार्यालयात मी इतकी वर्षं आवक-जावक केलं, पण अर्ज करणाऱ्याला नाही का म्हटलं ते लिहून द्यायची चाल तिथे नव्हती. प्रश्न उरला की आपला नियामक कोण. तो तटस्थ हवा, कमी बोलणारा हवा आणि त्याचा त्या वस्तूत स्वतःचा काही स्वार्थ नको. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'बघू' म्हटलं. ते संमती म्हणून धरलं गेलं. निर्णय होईपर्यंत फोन कुणाही पक्षाकडे नको, म्हणून तो माझ्याकडे आला. आलेली ऑर्डर गावाप्रमाणे ज्याची त्याला कळवायची, एवढंच काम.

सल्लापत्र गीतांजलीनं लिहिलं, सही माझी. पहिल्या प्रकरणात तुमच्या भावाचा उल्लेख 'मूळ ग्राहक' असा होता. 'मूळ ग्राहक यांचे फाल्गुनात निधन झाल्यामुळे सदर क्रमांक...' मी म्हटलं, इथे बाबा लिही. ती म्हणाली की आई, भाषा तटस्थ लागते. शेवटी 'मूळ ग्राहक (बाबा)' यावर तडजोड झाली आणि सगळीकडे कंसात बाबा आले. खाली प्रश्न होते. क्रमांक एकाच वारसाकडे असावा काय? दसऱ्याच्या हंगामासाठी वेगळी व्यवस्था असावी काय? प्रत्येक प्रश्नापुढे 'कारणांसह उत्तर द्यावे' होतं. घराच्या ग्रुपवर टाकलं, एक प्रत फ्रिजवर लावली.

जीवनचं उत्तर नीट टाइप केलेलं आलं. (ते कुणी लिहिलं हे विचारायचं नाही, सल्लापत्राची भाषा आणि त्याची भाषा बहिणी-बहिणी होत्या.) अंकुरनं उत्तर बोलून पाठवलं, तेही मोटरसायकलवरून. त्यामुळे निम्मं उत्तर हॉर्नचं आहे. जीवनचं म्हणणं, पाटी अमरावतीत, म्हणून नंबर अमरावतीचा. अंकुरचं म्हणणं, माझा आवाज बाबांसारखा आहे, गिऱ्हाइकाला धीर येतो. यावर जीवनचं प्रत्युत्तर आलं की आवाज असेल, पण बाबा ऑर्डर घेऊन झाल्यावर कधी 'डन' म्हणाले नाहीत. अंकुरचं प्रत्युत्तर, 'त्यावेळेस डन नव्हतं.' देवीदासांना ग्राहक म्हणून विचारलं होतं. ते स्वतः घरी आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "वहिनी, मले काई कोनाचं नाई. कोनीबी उचला. पन एकानंच उचला."

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोघांनीही प्रत्येक उत्तराची सुरुवात 'आईच्या हितासाठी' अशी केली होती. गीतांजलीला विचारलं तर ती म्हणाली की मोठ्या कंपन्याही पानोपानी ग्राहकांच्या हितासाठीच लिहितात, ती रीतच आहे. आईचं हित कशात आहे हे आईला विचारायचा प्रश्न सल्लापत्रात नव्हता. आणि मी नियामक असल्यामुळे मला उत्तर देता येत नव्हतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी अंकुरनं गणपतीच्या गर्दीचं कारण देऊन मुदतवाढ मागितली. जीवननं त्याला कडक विरोध केला आणि शेवटच्या ओळीत स्वतःलाही चार दिवस मागितले. गीतांजली म्हणाली की मुदतवाढ द्यावीच लागते, त्याशिवाय सल्लामसलत पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

मग खुली चर्चा. अमरावतीत घेतली तर अंकुरला अन्याय, अकोल्यात घेतली तर जीवनला, म्हणून मधलं मूर्तिजापूर ठरलं. स्टेशनाबाहेरच्या कचोरीच्या हॉटेलात दोन टेबलं जोडली. मी मध्ये, माझ्यासमोर फोन. गीतांजलीनं नियम सांगितले. बोलणाऱ्यानं आधी आपलं नाव सांगावं, कुणाच्या वतीनं बोलतो ते सांगावं आणि दोन मिनिटांत संपवावं. जीवन आपल्या सख्ख्या भावाला म्हणाला, 'मी जीवन, अमरावती दुकानाच्या वतीनं.' पाच मिनिटांत बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बसले. चर्चा खुली आहे म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार? एक निवृत्त रेल्वेवाले गृहस्थ होते, ते म्हणाले की इथली शकुंतला गाडीही अशीच चर्चा होता होता बंद पडली, तुम्ही लवकर आटपा. (दोन मिनिटांच्या वर ते शकुंतलेवरच बोलले, आणि त्यांना थांबवायचं माझ्या जिवावर आलं.) हॉटेलवाल्यानं सुचवलं की सोमवार ते बुधवार एकानं नंबर ठेवावा, गुरुवार ते शनिवार दुसऱ्यानं. रविवारी कोण, यावर दोघं पुन्हा भांडले.

इतक्यात कचोऱ्या तळणारी बाई झारा तसाच हातात धरून बाहेर आली. मला वाटलं ऑर्डर विचारायला आली.

"काहून बाप्पा, ह्या मायले कोनी इचारलं का, का तुले पायजे का म्हनून?"

अंकुर हसला. वाईट मनानं नाही हसला, तुम्ही त्याला ओळखता. तो म्हणाला, "तिले काय करायचा? आई फोनवर चार शब्द तरी बोलते का? बरी आहे म्हनते अन् ठेवून देते."

सगळे हसले. मीही हसले. गीतांजलीनं नोंद केली की सदर बाईंनी आधी नाव सांगितलं नाही आणि त्यांचा विषयाशी संबंध नाही, सबब सूचना विचारात घेता येत नाही. बाई म्हणाली, "नको घेऊ. तेल तापून राह्यलं," आणि आत गेली.

परतीच्या गाडीत मला बसवेना. जागा होती तरी बडनेऱ्यापर्यंत मी दाराशी उभी होते. आणि तिथे उभ्या उभ्या मला कळलं की तो नंबर मला हवा आहे. ठेवायला नाही, उचलायला.

घरी येऊन मी निर्णयाचा मसुदा लिहिला. माझ्या हातचा, कारणांसह. क्रमांक मूळ ग्राहकाच्या पत्नीच्या नावे करावा. तो तिनेच उचलावा. अमरावतीकडची ऑर्डर जीवनला, अकोल्याकडची अंकुरला. कारण फोन नियामकाकडे आल्यापासून एकही हार दुहेरी गेला नाही आणि एकाही देवावर अक्षतांवर भागवायची वेळ आली नाही. (पहिल्या दिवशी मी पन्नास किलो झेंडूच्या जागी पन्नास किलो शेवंती सांगितली होती. ते कारणांत लिहिलं नाही.) देवीदासांची एकानंच उचलायची मागणीही त्यात पुरी होते. मला वाटलं, शाळेत इतकी पत्रं लिहिली, पण इतकं बिनतोड एकही नव्हतं.

गीतांजलीनं वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "आई, पटतंय मला. पण नियामकाला स्वतःलाच नंबर देता येत नाही ना. आणि हा पर्याय कुणीच लेखी सुचवलेला नाही. हे दोघं उद्या म्हणतील, पद्धत मोडली."

तिचं बरोबर आहे. मी पद्धत मान्य केली होती. मसुदा घडी करून ठेवला आहे. दसरा तोंडावर आला आहे, झेंडूच्या ऑर्डरी आताच सुरू होतील, त्याआधी निर्णय लागायलाच हवा. दोघं मिळून एका बाजूला झाले तर बरं, असं आधी वाटायचं, आता तेही नको वाटतं.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा, आणि पट्टा खुंटीवरून काढून तुमच्याच पायाला बांधा.

तुमची,
वच्छला

ता. क. : केशरबाई, तुम्ही मूळ ग्राहकाच्या (बाबा) थोरल्या बहीण आहात. तुमचा संबंध नाही असं गीतांजलीला कोणत्याही पुस्तकातून काढून दाखवता येणार नाही. आणि तुमचं लेखी म्हणणं अजून आलेलं नाही. सोबत एक कागद जोडला आहे, त्यात काय लिहायचं ते मी लिहिलं आहे, पण तुम्ही ते आपल्या शब्दांत आणि आपल्या अक्षरात लिहा. 'आईच्या हितासाठी' असं कुठेही लिहू नका. माझा कागद नंतर चुलीत टाका, कारण नियामकानं असं काही कुणाला पाठवायचं नसतं. खुल्या चर्चेनंतरही लेखी म्हणणी घ्यायची रीत आहे, ती मुदत बुधवारी संपते. गुडघ्यामुळे पोस्टात जाणं जमलं नाही तर कळवा, मुदत वाढवायचा अधिकार माझ्याकडे आहे.

ता. क. दुसरा : मला नंबर कशाला हवा, हे तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत आहे, तरी सांगते. वरुड, मोर्शीकडच्या कितीतरी गिऱ्हाइकांना अजून काही कळलेलं नाही. ते वर्षातून एकदा, सणाला फोन करतात. पोरं त्यांना पहिल्याच वाक्यात सांगतात, बाबा वारले, ऑर्डर बोला. त्यात पोरांचं चुकत नाही, दुकान चालवायचं असतं. परवा दुपारी एकाचा फोन आला. भगवंतभाऊ हायेत का? मी म्हटलं, बाहेर गेलेत. तोंडून निघून गेलं. तो म्हणाला, बरं, बरं, तब्येत चांगली ना त्याहीची? मी म्हटलं, हो. मग आम्ही पावसाबद्दल बोललो, झेंडूबद्दल बोललो, त्याच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोललो. केशरबाई, मी एवढा वेळ फोनवर कधी बोलले नव्हते. नंतर आणखी दोघातिघांचे आले. त्यांनाही तेच सांगितलं. सगळ्यांच्या ऑर्डरी बरोबर गेल्या.

फक्त तो पहिला, वरुडचा माणूस ठेवताना म्हणाला, घरी आले म्हन्जे मले फोन कराले सांगजा. मी हो म्हटलं. काल त्याचा पुन्हा फोन येऊन गेला, आले का म्हणून. तेवढं कसं करायचं ते मात्र मला सुचत नाही. म्हणणं पाठवाल त्याच पाकिटात कळवा.